पाणीपाळीचा धनी

३ जानेवारी २०२५
पंचवटी, नाशिक

श्री. गोरक्ष यांस,

विषय : 'पाणीपाळी' या गाठोड्याच्या मालकीबाबत, नियम सातप्रमाणे सूचना.

सदर बाबतीत आपणांस चार ईमेल व अकरा फोन केले. उत्तर मिळाले नाही. म्हणून नियमाप्रमाणे शेवटचा मार्ग, म्हणजे टपाल, वापरत आहे. आजपासून नव्वद दिवसांत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत, आपण काही कळवले नाही तर 'पाणीपाळी'वरचे आपले नाव उतरवून दुसऱ्या व्यक्तीचे नाव लावले जाईल.

झालं. एवढं 'आपणांस' लिहिताना मला घाम फुटला. पहिलं पान असंच लिहायचं हा नियम माझा. तुझं कलम वेगळं होतं. सूचना तिऱ्हाइतानं वाचली तरी कळली पाहिजे. "उद्या मी मेलो आन् आमच्या आईनं पाकीट फोडलं तर तिला समजाय पाहिजे," असं म्हणाला होतास. आपण हसलो होतो. तर घे, तुझ्या कलमाप्रमाणे पहिल्यापासून सांगते.

'पाट' ही संगणकाची एक छोटी भाषा. विहिरीवरच्या पंपाची, ठिबकाची पेटी चालवायला तू आणि मी कॉलेज सुटल्यावर केलेली. लोक ती वापरायला लागले. मग लक्षात आलं की जो तो तेच ते पुन्हा लिहितोय. एकानं ओलावा मोजायचं लिहिलं, की शेजारच्या तालुक्यातला तेच परत लिहायला बसायचा. म्हणून आपण सगळ्यांचं मिळून एक कोठार केलं. त्याला 'कणगी' हे नाव तू दिलंस. कुणीही आपल्या उपयोगाच्या कामाचं गाठोडं बांधून कणगीत ठेवायचं, कुणीही ते फुकट न्यायचं. गाठोड्याला एक नाव, नावाला एक धनी, आणि धन्याच्या किल्लीशिवाय त्या गाठोड्यात कुणी काही बदलायचं नाही. आज कणगीत अकराशे चाळीस गाठोडी आहेत. त्यातली तीनशे बारा तुझ्या 'पाणीपाळी'च्या आधारानं उभी आहेत.

आणि 'पाणीपाळी' चुकतंय. शेतीला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री, या हिशेबानं तू ते लिहिलंस. आता कितीतरी गावांचं वेळापत्रक बदललं. पेटीला वाटतं आज रात्रपाळी, ती भलत्या वेळेला मोटर चालू करते. दुरुस्ती वीस ओळींची आहे. पण किल्ली तुझ्याकडे.

वीस ओळी, गोरक्ष. नसेल लिहायच्या तर किल्ली दे. तेही नको असेल तर 'नाही' एवढं तरी कळव.

आपली,
संपदा
(कणगीची व्यवस्था पाहणारी. दुसरं कुणी उरलं नाही.)

२० जानेवारी २०२५

गोरक्ष,

पोचपावती परत आली. सही तुझी नाही. 'कलाबाई' असं मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय, 'ई'चा शेंडा पावतीच्या बाहेर गेलाय. म्हणजे पाकीट तुझ्या आईच्या हातात पडलं. माझं कलम जिंकलं की तुझं, ते तूच ठरव.

मी आज दुपारी पुन्हा फोन लावला. या वेळेला उचलला. आई होत्या.

"कोन बोलतंय?"

"मी संपदा. नाशिकहून. गोरक्षची मैत्रीण."

"गोरख मळ्यात हे. कांद्याची लागण चालू हे ना." मग म्हणाल्या, "तू त्या रामकुंडावरल्या गुरुजींची पोर का?"

मी हो म्हटलं. त्या पुढे काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात मागे दुसरा मोबाइल वाजला आणि कुणीतरी पोरगा मोठ्यानं ओरडला. "थांब गं पोरी, पाणी आलं," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मी मोबाइल हातात धरून बसले. दहा मिनिटांनी परत लावला तर उचलला नाही.

मला राग आला. तुझा नाही, त्यांचाही नाही. सगळ्याचाच. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागे उभी राहून मी हे उद्योग करते. अंबडला दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचे, घरी आल्यावर बाबांचं औषधपाणी, आणि मग कणगीचा पसारा. कुणाचं गाठोडं उघडत नाही, कुणाला आपलं नाव बदलून हवंय, कुणी दुसऱ्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन बसलाय. मी एकटी हे का करते, असं कालच एकानं विचारलं. मी सवय म्हणाले.

तुझं नाव उतरवायचं बटण माझ्यापुढेच असतं. नव्वद दिवस पुरे झाले की ते आपोआप हिरवं होईल. तसं तूच लिहिलंयस. आज सतरावा दिवस आहे.

संपदा

१४ फेब्रुवारी २०२५

गोरक्ष,

मोटरी जळायला लागल्या.

नांदगावला योगिनी नावाची मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीसची. तिचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर आली की ती विचारते, पेटी कुठली, त्यात काय घातलंय. तिनं वहीत टिपून ठेवलं. डिसेंबरपासून नऊ मोटरी, आणि नऊच्या नऊ ठिकाणी 'पाणीपाळी'. ज्यांच्या पेटीत फेज तपासायची सोय नाही, त्यांची मोटर भलत्या वेळेला अर्ध्या विजेवर घुरघुरत राहते आणि जळते. रविवारी ती मोटारसायकलवर नाशिकला आली. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाली, "ताई, माझं दुकान जोरात चाललंय. पण असलं गिऱ्हाईक नको मला. द्या इकडं, मी करते दुरुस्त."

वीस ओळी तिनं लिहून आणल्याच होत्या. मी तपासल्या. तुझ्यापेक्षा नीट लिहिते, वाईट वाटून घेऊ नकोस.

म्हटलं, दुसऱ्या नावानं ठेव. तर म्हणते, "मग त्या तीनशे बारा गाठोड्यांना कोण सांगणार, की आता जुनं सोडा, नवं धरा? निम्म्यांचे धनी तर फोन पण उचलत नाहीत." बरोबर आहे तिचं. म्हणजे नावच हवं. तुझं.

मी तिला ३ एप्रिलपर्यंत थांब म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी नाकानं कांदे सोलतेय. "ताई, तोवर अजून दहा मोटरी जातील." मी म्हटलं, नियम आहे. हेच दोन शब्द मी तुला म्हणाले होते.

त्या दिवसाबद्दल मी कधी बोलले नाही. आता तिऱ्हाइतालाही कळेल असं लिहायचंय ना, लिहिते.

'पाणीपाळी'त पंप सुरू झाला की पेटी शेतकऱ्याच्या मोबाइलला फोन लावते आणि ठेवेपर्यंत एक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवते. नमुन्यासाठी तू तुझ्या धाकट्या भावाचा, मल्हारीचा आवाज घातला होतास. लोकांनी तो बदलावा अशी सोय होती, पण कुणी बदलला नाही, सगळ्यांना तोच आवडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मल्हारी गेला. संध्याकाळी घरी येताना, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर गाडी आदळून. चोवीस वर्षांचा.

जानेवारीत तू फोन केलास. म्हणालास, "संपदा, ते जुनं गाठोडं काढून टाक. चहाच्या टपरीवर बसलो की कुनाचा ना कुनाचा फोन वाजतो आन् मल्हारी बोलतो. आई जेवता जेवता उठती. नवीन पेटी बसली की आनखी एका घरात तो बोलाय लागतो. मला नाय सहन होत."

आणि मी तुला काय सांगितलं? की कणगीत एकदा गेलेलं बाहेर निघत नाही. की ते काढलं तर तीनशे ठिकाणी पंप बंद पडतील. की आज तुझ्यासाठी काढलं तर उद्या प्रत्येक जण उठेल. सगळं खरं होतं. तू म्हणालास, "काढू नको मग. बांधून तरी ठेव." मी म्हटलं, कणगीत बांधून ठेवायची सोय नाही. नियम आहे.

तू म्हणालास, "तुमच्या घरात मेलेल्यांची नावं सांभाळायची दक्षिणा भेटते. तू फुकट करती, एवढाच फरक." आणि फोन ठेवलास. दोन वर्षं झाली.

ते वाक्य मला लागलं. मी ते इतके दिवस जवळ ठेवलं, की आपण काय बोललो ते आठवायची वेळच आली नाही.

संपदा

९ मार्च २०२५

गोरक्ष,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन फाडली.

तुला माहीत आहे, आमचं घर तीर्थोपाध्यांचं, आमच्याकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. यजमान रामकुंडावर आले की आधी गाव विचारायचं, मग त्या गावाची वही काढायची. आजोबा, पणजोबा कधी आले होते ते वाचून दाखवायचं, आणि त्याखाली आलेल्या माणसानं आपल्या हातानं आपलं आणि घरच्यांचं नाव लिहायचं. कणगीची मांडणी करताना मी तुला हेच सांगितलं होतं. नाव एकदा लिहिलं की खोडायचं नाही. तू म्हणाला होतास, "झ्याक हाय. आपन बी तसंच करू." नियम तीन तिथून आला.

तर परवा बाबांचा डोळा जरा दुखत होता, म्हणाले, कळवणची, म्हणजे तुमच्याकडची, वही काढून वाचून दाखव, उद्या एक घर येणार आहे. एक्केचाळीस वर्षांची झाले, गोरक्ष, आणि वही पहिल्यांदा माझ्या हातात आली. लहानपणी आम्हा मुलींना वहीला हात लावू देत नसत. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. ऐकून ऐकून मला वाटायचं मला सगळं येतं.

वहीत मध्येच एक पान दुमडलेलं होतं. अर्ध्यात घडी घालून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं. मी विचारलं, हे काय? बाबा सहज म्हणाले, "अगं, ते बांधलेलं पान. ज्या नावाचा घरच्यांना त्रास होतो ते पान दुमडून दोरा बांधायचा. खोडायचं नाही. वाचायचं पण नाही. त्या घरचं माणूस येऊन आपल्या हातानं दोरा सोडील, तेव्हा सोडील. आपल्याकडे पणजोबांपासून आहे हे." मग म्हणाले, "तुला ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. खोडायचं नाही एवढं दारातून ऐकू यायचं, कारण ते बाबा मोठ्यानं सांगायचे. दोरा बांधताना कुणी बोलत नाही.

मी पान उलटून मागची बाजू बघितली. तुझं अक्षर. नोव्हेंबर २०२२. अस्थी घेऊन तू इथे आला होतास, माझ्या घरी, माझ्या बाबांकडे, आणि मी त्या आठवड्यात कंपनीच्या कामाला पुण्याला होते. बाबांनी मला नाव सांगितलं नाही, यजमानांबद्दल घरात बोलायचं नाही ही त्यांची शिस्त. पण बाबांनी तुला दोऱ्याचं सांगितलं होतं. आणि दोन महिन्यांनी तू मला म्हणालास, बांधून तरी ठेव.

तुला वाटलं असणार, गुरुजींची मुलगी आहे, हिला कळणारच. आणि गुरुजींची मुलगी म्हणाली, तशी सोय नाही.

मी बाबांपुढे रडले. ते घाबरले. त्यांना वाटलं वहीला हात लावल्यामुळे माझ्या मनाला काही लागलं. मी सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्धी विद्या घेतलीस, बाई. ती मुळीच नसण्यापेक्षा वाईट."

गोरक्ष, माझं चुकलं. नियम चुकला म्हणत नाही, माझंच चुकलं. मी अर्धा नियम घेतला आणि त्यावर अकराशे गाठोड्यांचं कोठार उभं केलं, आणि तू पहिला माणूस, ज्याला उरलेला अर्धा हवा होता.

संपदा

२७ मार्च २०२५

गोरक्ष,

सात दिवस उरले.

कणगीत आता दोरा आहे. अठरा दिवस लागले. धन्यानं आपल्या गाठोड्याची जुनी आवृत्ती दुमडली, की ती यादीत दिसणार नाही आणि नव्या पेटीत जाणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांचं चालू राहील, कुणाचा पंप बंद पडणार नाही. दोरा फक्त धनी बांधील आणि फक्त धनीच सोडील. मला, व्यवस्था बघणारीलासुद्धा, तो अधिकार नाही. मुद्दाम ठेवला नाही. गाठोडं उघडलंस की वर विचारलं जाईल, 'जुनी आवृत्ती दुमडायची का?' खाली कारण लिहायला एक ओळ आहे, ती रिकामी सोडता येत नाही. माझी खोड, तुला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी हे अठरा दिवसांत झालं असतं. मी ते करू शकत नव्हते असं नाही, मला ते करायचंच नव्हतं.

आता ज्यासाठी आजचं पत्र आहे ते. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते.

फेब्रुवारी २०२०. माझं 'दिनमान' नावाचं गाठोडं होतं, दिवस-वार मोजायचं. त्यात मी लीप वर्ष विसरले होते. मी, पंचांग बघून मोठी झालेली. २९ तारखेला सकाळी उठले, चूक दिसली, आणि लाज वाटली. कुणी बघायच्या आत मी मागच्या दारानं आत शिरले आणि ती आवृत्ती पुसली. दुमडली नाही, पुसली. नोंदीतूनसुद्धा. आपल्या नियमाला दोन वर्षं झाली होती तेव्हा.

सटाण्याच्या एका माणसानं चर्चेच्या पानावर विचारलं होतं, आठवतं? की कालपर्यंत असलेलं गाठोडं गेलं कुठं, माझी पेटी अडलीय. मी उत्तर दिलं, असं काही नव्हतंच. तो म्हणाला, होतं. तेव्हा तू मध्ये पडलास. तू त्याला लिहिलंस, "कणगीतून काही जात नसतं, दादा. संपदा तिथं बसलीय. तुमचंच काहीतरी चुकलं असंल." आणि तो बिचारा माफी मागून गप्प बसला.

मी ते वाचलं आणि काही बोलले नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्या लाजेसाठी नियम वाकला, आणि तुझ्या भावासाठी तो लोखंडाचा झाला.

कदाचित म्हणूनच झाला. एकदा मोडला होता म्हणून मी पुढे इतकी कडक झाले. पण हे मला आता सुचतंय, आणि सोयीचं आहे, म्हणून त्यावर माझाच विश्वास नाही.

काल मी चर्चेच्या पानावर सगळं लिहिलं. सटाण्याच्या माणसाची माफी मागितली. 'दिनमान'ची ती आवृत्ती जुन्या डिस्कवर सापडली, ती परत कणगीत ठेवली, चुकीसकट, माझ्या नावासकट. लोकांनी जे बोलायचं ते बोलले. एकानं लिहिलं की ताईंनी आता व्यवस्था सोडावी. सोडेनही. पण ३ एप्रिलनंतर. तुझं नाव उतरवायचं काम दुसऱ्या कुणावर टाकून मी पळणार नाही.

मोटरी आता चौदा झाल्या. योगिनी रोज आकडा पाठवते, बाकी काही लिहीत नाही. बटण पुढच्या गुरुवारी हिरवं होईल आणि मी ते दाबीन. दाबावंच लागेल. एका बाजूला तुझं नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला लोकांच्या विहिरी, आणि तू माझ्या जागी असतास तर इतके दिवस थांबलाही नसतास. पण धन्याच्या जागी तुझं नाव नसलेली 'पाणीपाळी' मला बघायची नाही. वीस ओळी सोड, किल्ली सोड. एकदा आत ये आणि तुझ्या हातानं काय करायचं ते कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

संपदा

३ एप्रिल २०२५

गोरक्ष,

हे पत्र पाठवायची गरज नाही, सूचना संपली. तरी लिहितेय.

काल दुपारी मी कंपनीत होते. योगिनीचा फोन आला, ओरडतच होती. "ताई, माझं नाव आलं! धनी म्हणून! दोन नावं दिसताहेत!" मी कँटीनच्या मागे जाऊन मोबाइलवर कणगी उघडली. नोंदीत तीन ओळी होत्या.

गोरक्ष आत आला. दुपारी १ वाजून १० मिनिटं.
धनी : गोरक्ष, योगिनी.
तिसरी ओळही मी वाचली. ती नंतर सांगते.

योगिनीनं तासाभरात दुरुस्ती चढवली. चढवण्याआधी तिनं विचारलं, "ताई, त्या पोराचा आवाज नव्या आवृत्तीत ठेवू का काढू?" मी म्हटलं, मला विचारू नकोस, तिसरी ओळ वाच. तिनं वाचली. "ठेवते," म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर पेट्यांनी नवं गाठोडं उचललं.

घरी आले तर बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना तारीख पाठ होती. "आला का कळवणकर?" म्हणाले.

"आला."

"दोरा बांधला?"

"नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मग आपल्या वहीतला पण सोडायला येईल एखाद दिवशी," म्हणाले, आणि आत जाऊन कळवणची वही वरच्या फळीवरून काढून खालच्या फळीवर ठेवली. हाताला लवकर यावी म्हणून. त्यांच्यानं आता स्टुलावर चढवत नाही.

तिसरी ओळ. मी विचारलं होतं, जुनी आवृत्ती दुमडायची का. तू लिहिलंस :

'नको. आई रोज ऐकते.'

गोरक्ष, मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. सात वर्षं ती फाईल माझ्या कोठारात आहे, तिच्यावरून मी तुझ्याशी भांडले, दोन वर्षं बोलले नाही, आणि ती एकदाही उघडली नाही. किती मोठी आहे, कुठे आहे, किती जणांनी नेली, एवढंच मला ठाऊक. आज सकाळी उघडली. चार सेकंदांची आहे. मागे पाण्याचा आवाज आहे, आणि मल्हारी हसतहसत ओरडतो, "ए, पाणी आलं बरं का! उठा की!"

मी ती पुन्हा लावली. आणखी एकदा लावली. कुठेतरी ऐकलाय हा आवाज, असं वाटत राहिलं, आणि मग आठवलं. वीस जानेवारी. मी तुझ्या आईशी बोलत होते, मागे दुसरा मोबाइल वाजला, कुणीतरी पोरगा ओरडला. आणि आई मला म्हणाल्या, थांब गं पोरी, पाणी आलं, आणि फोन ठेवून त्या तो ऐकायला गेल्या.

मला राग आला होता तेव्हा. दहा मिनिटांनी मी परत फोन लावला होता.

त्यांना सांग, नाही उचलला ते बरं केलं.

संपदा